‘श्रीमती कोया पूनम’ : धर्माचं नाव चुकलं म्हणजे अवमान झाला का?

प्रसंग

नागपुरातलं एक महाविद्यालय. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिराचा समारोप आणि त्यात चाळीस मिनिटांची सर्वधर्म प्रार्थना. मंचावर आठ पाहुणे: कीर्तनकार, भंते, मौलाना, चर्चचे फादर, गुरुद्वाऱ्यातले ग्यानीजी, पारशी समाजातले एक ज्येष्ठ गृहस्थ, महानुभाव पंथाचे महंत आणि कोया पुनेम या गोंड समाजाच्या धर्माविषयी बोलायला आलेले त्याच समाजातले एक वयस्क दादा. निवेदन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या विद्यार्थिनीकडे. हे प्रकरण अभ्यासासाठी बांधलेलं आहे, माणसं आणि महाविद्यालय कल्पित आहेत. उच्चारांच्या चुका मात्र आपल्याकडच्या मंचांवर कानावर पडतात त्याच घेतल्या आहेत.

निवेदनाची दोन पानं कशी तयार झाली ते आधी पाहू, कारण अर्धं प्रकरण तिथेच आहे. पाहुण्यांना फोन कार्यालयातल्या लिपिकानं केले. ऐकलेली नावं त्यानं मोबाइलवर रोमन अक्षरांत टाइप करून व्हॉट्सॲपच्या गटात टाकली. कार्यक्रम अधिकाऱ्यांनी ती तशीच उचलून मराठी मजकुरात चिकटवली. निवेदिकेच्या हातात पानं पडली ती समारोपाच्या सकाळी. तालीम झालीच नाही असंही नाही. प्रमुख पाहुण्यांची पदव्यांसकट ओळख तिनं वाचून दाखवली, आणि जेवणाचा खर्च उचलणाऱ्या कंपनीचं नाव तर अधिकाऱ्यांनी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. धर्मांची नावं कोणी म्हणवून घेतली नाहीत. ती काय, सगळ्यांना येतातच.

प्रत्यक्षात मंचावर बौद्ध धम्माचा उल्लेख एकदा ‘बौद्द’ आणि एकदा ‘बुद्धा धर्म’ असा झाला. बौद्धांच्या त्रिसरण वंदनेतलं ‘सरणं’ हे ‘शरणम्’ झालं. ग्यानीजींच्या वेळी ‘सीक’, पारशी गृहस्थांच्या वेळी ‘फारशी’, मौलानांच्या वेळी ‘मुस्लिम धर्म’. महंतांना बोलावताना ‘मानभाव पंथ’. आणि मग, “आता मी श्रीमती कोया पूनम यांना विनंती करते की त्यांनी मंचावर यावं.” पिवळा दुपट्टा घेतलेले दादा खुर्चीतून उठले तसं सभागृहात हसू पिकलं. निवेदिका गोंधळली, तीही हसली आणि माइकमधूनच म्हणाली, “सॉरी हं, नाव जरा कठीण आहे.”

दादा बोलले, ठरल्याप्रमाणे पाच मिनिटं बोलले, आणि जेवायला न थांबता निघून गेले. आभारप्रदर्शन करणाऱ्या प्राध्यापकांनी जाता जाता बौद्ध परंपरेतल्या ‘हीनयान आणि महायान’ या दोन शाखांचा गौरवानं उल्लेख केला. त्यांचा उच्चार निर्दोष होता.

तक्रारी कुणाकडून आल्या, कुणाकडून नाही

दुसऱ्या दिवशी गोंड विद्यार्थ्यांचं पत्र आलं. त्यात ‘पूनम’वर एक ओळ होती आणि ‘कठीण आहे’ यावर चार. महंतांनी पत्र पाठवलं नाही, प्राचार्यांना फोन केला. आवाज शांत होता, पण पुढच्या वर्षी बोलावू नका असं सांगून टाकलं. बौद्ध विद्यार्थ्यांनी दोन गोष्टी मांडल्या: ‘बुद्धा’ आणि ‘हीनयान’. ग्यानीजी, पारशी गृहस्थ, फादर आणि मौलाना यांच्याकडून काहीच नाही. दरम्यान ‘श्रीमती’च्या प्रसंगाची बावीस सेकंदांची क्लिप मोबाइलवर फिरू लागली. त्याखाली एकीकडे “पोरीवर गुन्हा दाखल करा”, तर दुसरीकडे “एवढ्याशा उच्चाराचं काय घेऊन बसलात बे”.

महाविद्यालयानं नेमलेल्या तीन जणांच्या समितीसमोर निवेदिका एवढंच म्हणाली, “मॅडम, मले जसं लिहून देलं तसं मी वाचलं.” हे खरंच होतं. प्राचार्यांच्या टेबलावर तोवर एक तयार सूचना होती: ‘अनवधानाने काही उच्चार चुकले असल्यास व त्यामुळे कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास महाविद्यालय दिलगीर आहे.’ समितीनं ती थांबवली, हे बरं केलं. एका वाक्यात दोन ‘असल्यास’ घातले की तो माफीनामा राहत नाही, जबाबदारी टाळायची पळवाट होते.

ढोबळ हिशेब इथे चालत नाही. सगळ्या चुका एका पोत्यात भरल्या तर एक तर सगळाच अवमान ठरतो, नाही तर काहीच नाही. प्रत्येक चूक हातात घेऊन पाहावी लागते.

उच्चार वेगळा, नाव तेच

आधी ज्यांचा तक्रारीशी संबंधच नव्हता त्या गोष्टी. नागपुरात एकाच गल्लीत मराठी आणि हिंदी नांदते. मराठी माणूस ‘जैन’ म्हणतो तेव्हा ‘जइन’ ऐकू येतं, हिंदी बोलणारा ‘जॅन’च्या जवळ जातो. ‘बौद्ध’चंही तेच: मराठीत ‘बउद्ध’, हिंदीत ‘बॉद्ध’. ऐ आणि औ हे स्वरच दोन्ही भाषांत वेगळे वाजतात. यात चूक कोणाचीच नाही. शेजाऱ्याच्या जिभेतून नाव बदलणं हा जर अवमान धरला तर ‘हिंदू’ हे नावच कटघऱ्यात उभं करावं लागेल. सिंधूचं ‘हिंदू’ झालं ते जुन्या इराणी भाषेत ‘स’चा ‘ह’ होतो म्हणून.

‘शीख’ हे त्यातलंच. पंजाबीत शब्द आहे ‘सिक्ख’: इ ऱ्हस्व, क वर जोर. मराठीनं तो ‘शीख’ असा घेतला आणि पाठ्यपुस्तकांपासून वर्तमानपत्रांपर्यंत तसाच रुजवला. मराठी कार्यक्रमात ‘शीख’ म्हणणं पूर्ण बरोबर आहे, हिंदी कार्यक्रमात ‘सिख’. निवेदिकेचं ‘सीक’ हे दोन्हींपैकी काहीच नव्हतं. रोमन अक्षरं वाचताना शेवटचा महाप्राण, म्हणजे ‘ख’मधली ‘ह’ची फुंकर, गळाला, इतकंच. ग्यानीजींनी ते मनावर घेतलं नाही. आपल्याकडे ‘दूध’चं बोलताना ‘दूद’ होतं, त्यातलीच ती गत. ‘बौद्द’ हीसुद्धा त्याच जातीची चूक.

‘फारशी’ची गंमत निराळी. पारशी हे नाव इराणातल्या पार्स प्रांतावरून आलं. अरबीत ‘प’ नाही म्हणून त्याच प्रांताचं ‘फार्स’ झालं आणि तिथल्या भाषेचं फारसी. म्हणजे दोन्ही शब्दांचं मूळ गाव एकच. पण मराठीत पारशी म्हणजे समाज आणि फारशी म्हणजे भाषा. आणि नेमकं बोलायचं तर पारशी हेही समाजाचंच नाव, धर्म जरथोस्ती. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू केली तेव्हापासून या शहराला पारशी नावं नवी नाहीत. गृहस्थ हसून मोकळे झाले. पण ते हसले ते स्वतः, त्यांच्यावर सभागृह हसलं नव्हतं. हा फरक पुढे कामी येईल.

‘मुस्लिम धर्म’ हा उच्चाराचा दोषच नव्हे. मुस्लिम म्हणजे माणूस, इस्लाम म्हणजे धर्म. मराठीत ही गल्लत इतकी रुळली आहे की मौलानांनाही ती सवयीची. मात्र जुन्या पुस्तकांतून कोणी ‘महम्मदी धर्म’ उचलला असता तर आक्षेप आला असता आणि तो रास्त असता: त्या नावातून पैगंबरांची उपासना होते असा अर्थ निघतो, आणि इस्लामची सगळी मांडणी त्याच्या विरुद्ध आहे. अभिवादनाची एक सूचना इथेच नोंदवून ठेवण्यासारखी आहे. ‘अस्सलामु अलैकुम’ घाईत म्हणताना ‘ल’ गिळला जातो. ‘सलाम’ म्हणजे शांती, ‘साम’ म्हणजे मृत्यू. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहात, हा फरक मुद्दाम केल्याचा प्रसंग येतो, म्हणून जाणत्या माणसाच्या कानाला तो खटकतो. नीट जमत नसेल तर ‘नमस्कार’ म्हणावं, कोणी रागावत नाही.

द्ध आणि ध्द

‘बुद्धा’वर थोडं थांबायला हवं, कारण हा शहरात रोज घडणारा प्रकार आहे. फलक, लग्नपत्रिका, अभिवादनाचे फ्लेक्स यांवर ‘बुध्द’ आणि ‘बौध्द’ सर्रास दिसतं. जोडाक्षर आहे द अधिक ध. आधी द् अडवायचा, मग ध सोडायचा. इनस्क्रिप्ट कळफलकावर द आणि ध एकाच कळीवर आहेत, ध साठी शिफ्ट धरावी लागते. शिफ्ट आधी दाबली गेली की ध, हलन्त, द असा उलटा क्रम पडतो. छापलेल्या जोडाक्षरात वरचं अक्षर कोणतं आणि लटकलेलं कोणतं हे पटकन उमगत नाही, म्हणून तपासणाराही फसतो. हे टंकलेखनाचं दुखणं आहे, द्वेषाचं नव्हे. फलक छापणारा पुष्कळदा स्वतः बौद्धच असतो.

म्हणून समितीतल्या एका सदस्यानं ‘बुद्धा’लाही याच खात्यात टाकायचं म्हटलं. विद्यार्थ्यांनी ते मान्य केलं नाही, आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ‘बुद्धा’ हे रोमन लिपीतून आलेलं रूप. पण नागपुरी हिंदीच्या कानाला त्याच्या अगदी बाजूला ‘बुड्ढा’ आणि ‘बुद्धू’ बसलेले आहेत. शाळेच्या मैदानावर हा खेळ करून चिडवलं गेलेली मुलंच पुढे महाविद्यालयात येतात. ज्या चुकीच्या शेजारी आधीपासून टोमणा उभा आहे ती चूक निरागस असली तरी लागते. त्यात हे नाव निवडून घेतलेलं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात लाखो माणसांनी बाबासाहेबांसोबत धम्मदीक्षा घेतली. आज ज्या घरात आजोबा त्या गर्दीत होते त्या घरातला मुलगा आपल्या धर्माचं नाव वेगळ्या कानानं ऐकतो.

त्रिसरणातल्या ‘शरणम्’बद्दल कोणी तक्रार केली नाही. पालीत श नाही, ष नाही, फक्त स आहे. म्हणून विहारात ‘बुद्धं सरणं गच्छामि’. ‘शरणम्’ म्हटल्यानं ते संस्कृत होतं. भंतेंनी पुढच्या ओळीला स्वतः आवाज लावला आणि सभागृहानं ‘सरणं’ उचललं. मंचावर चूक दुरुस्त करायची याहून चांगली पद्धत नाही.

बरोबर उच्चारलेला अवमान

प्राध्यापकांचं ‘हीनयान’ कोणत्याही व्याकरणाच्या कसोटीला उतरलं असतं. अडचण शब्दातच आहे. हीन म्हणजे हलकं, कमी प्रतीचं. हे नाव त्या परंपरेनं स्वतःला घेतलेलं नाही, प्रतिस्पर्ध्यांनी दिलेलं आहे. १९५० मध्ये कोलंबोत जागतिक बौद्ध संघटनेची स्थापना झाली तेव्हाच हा शब्द टाळायचं ठरलं. श्रीलंका, म्यानमार, थायलंडमधली हयात परंपरा स्वतःला थेरवाद म्हणते. नागपूरची दीक्षा देणारे महास्थविर चंद्रमणी हे मूळचे म्यानमारचे, त्याच परंपरेतले. म्हणजे प्राध्यापकांनी ज्यांच्या हातून या शहराला दीक्षा मिळाली त्यांच्याच परंपरेला मंचावरून ‘हीन’ म्हटलं, तेही आदरानं. समितीच्या मते त्या दिवसातली ही मोठी चूक होती, आणि क्लिप मात्र एका विद्यार्थिनीची फिरली. प्राध्यापकांनी इतिहासाच्या जुन्या क्रमिक पुस्तकात वाचलेलं होतं ते म्हटलं. पण अभ्यासकाकडून अपेक्षा जास्त असते, हे त्यांनाही मान्य झालं.

मानभाव

‘महानुभाव’चं बोलण्यात ‘म्हानुभाव’ आणि मग ‘मानभाव’ होणं हा जिभेचा साधा प्रवास आहे. लिपिकानं फोनवर जे ऐकलं ते त्याच्या गावात म्हणतात तसं लिहिलं. मध्य प्रांताच्या इंग्रजी काळातल्या जाती-जमातींच्या नोंदीतही पंथाचं नाव असंच उतरलं आहे. मग महंत का दुखावले?

कारण मराठीनं या अपभ्रंशाचं पुढे विशेषण केलं. ‘मानभावी’ म्हणजे वरून साळसूद, आतून लबाड. त्यावर एक म्हणही आहे. इथे छापायची गरज नाही. चक्रधरस्वामींचा, लीळाचरित्राचा हा पंथ, मराठी गद्याची सुरुवात ज्याच्याकडून झाली तो, आणि त्याच्याच नावातून त्याच भाषेनं ढोंगीपणाचा शब्द पाडला. पंथाचं तीर्थस्थान रिद्धपूर नागपूरपासून फार दूर नाही, आता तर तिथे मराठी भाषेचं विद्यापीठ आहे. त्यामुळे ‘मानभाव’ ऐकणाऱ्या महंतांच्या कानात निवेदिकेचा आवाज नसतो, काही पिढ्यांची कुजबुज असते. तिला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. ‘मानभावी’ हा शब्दच तिनं ऐकलेला नव्हता. म्हणून दोष तिचा नाही, पण जखम खरी आहे. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात हे मान्य केल्याशिवाय असं प्रकरण सुटत नाही.

मराठीतलं ‘किरिस्ताव’ याच वाटेनं गेलेलं आहे. कोकणी ख्रिस्ती माणसासाठी ‘किरिस्तांव’ हे स्वतःचं साधं नाव. मराठी मंचावर मात्र त्याला टवाळीचा वास येतो. ‘ख्रिस्ती’ म्हणावं, किंवा ‘ख्रिश्चन’.

पुनेम

गोंडी ही द्राविड कुळातली भाषा. तिच्यातला शब्द समोर आला की मराठी वाचकाला संस्कृतची काठी सापडत नाही, मग मेंदू ओळखीचा शब्द चिकटवतो. ‘पुनेम’मध्ये पु ऱ्हस्व आहे, मग ने, मग म्. रोमन अक्षरांत एक स्वर इकडचा तिकडे झाला आणि ‘पूनम’ तयार. गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडची यात्रा माघ पौर्णिमेला असते हे कुठेतरी वाचलेलं असल्यानं अधिकाऱ्यांना ‘पूनम’ संशयास्पदही वाटलं नाही. पानावर आधी धर्माचं नाव आणि मग व्यक्तीचं असा क्रम होता. व्यक्तीचं नाव दुसऱ्या ओळीवर गेलं. निवेदिकेला पहिल्या ओळीत दिसलं ‘कोया पूनम’. बाईमाणसाचं नाव समजून तिनं स्वतःहून ‘श्रीमती’ जोडलं. तिच्या परीनं तो आदरच होता.

इथवर हा अपघात. पुढचे दोन क्षण अपघाताचे नव्हेत. एक, सभागृहाचं हसू, जे मंचावरच्या कोणीही थांबवलं नाही. दोन, ‘नाव कठीण आहे’. पुनेम हा शब्द तीन अक्षरांचा आहे. त्याच जिभेनं त्याच सकाळी प्रायोजकाचं लांबलचक नाव बिनचूक म्हटलं होतं. ‘कठीण’ म्हटल्यानं चुकीचं ओझं चुकणाऱ्याकडून नावाच्या धन्याकडे सरकतं: तुमचं नावच असं, आम्ही काय करणार. विद्यार्थ्यांच्या पत्रातल्या चार ओळी यावर होत्या.

बख्त बुलंदशहा या गोंड राजानं वसवलेल्या शहरात हे घडलं ही बोच वेगळी. पण नावाबद्दलच्या हळवेपणाला एक अगदी व्यवहारी कारणही आहे. २०११ च्या जनगणनेच्या अर्जात सहा धर्मांना सांकेतांक होते. इतर कोणत्याही धर्मासाठी नाव पूर्ण लिहायचं आणि सांकेतांक द्यायचा नाही, अशी सूचना होती. म्हणजे ज्याचा धर्म त्या सहांत नाही, त्याच्या नोंदीचा सगळा भार प्रगणकानं लिहिलेल्या अक्षरांवर. कोणी ‘गोंड’ लिहिलं, कोणी ‘गोंडी’, कोणी ‘कोया पुनेम’, तर आकडे वेगवेगळ्या ओळींत विखुरतात. अशा समाजाला ‘एका मात्रेनं काय बिघडतं’ हे ऐकवू नये.

सगळे गोंड कोया पुनेम हे नाव घेत नाहीत हेही लक्षात असू द्यावं. कोणी गोंडी धर्म म्हणतात, कोणी स्वतःला हिंदू लिहितात. समाज म्हणून ‘कोईतूर’ हे स्वतःचं नाव आहे. म्हणून आडनाव पाहून धर्माचं नाव ठरवायचं नाही, माणसाला विचारायचं.

गुन्हा?

नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९, म्हणजे १ जुलै २०२४ पूर्वीचं २९५-अ, यासाठी बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतू लागतो. कलम ३०२ सुद्धा धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूनं उच्चारलेल्या शब्दांपुरतं आहे. रामजीलाल मोदी प्रकरणात १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की नकळत, निष्काळजीपणानं किंवा तसा हेतू नसताना झालेला अपमान २९५-अ मध्ये बसत नाही. क्लिपखाली गुन्ह्याची भाषा करणाऱ्यांना एवढं उत्तर पुरतं. कायद्यात बसत नाही म्हणून महाविद्यालयाची जबाबदारी मात्र संपत नाही.

काय केलं

निवेदिकेकडून माफीनामा लिहून घ्यायचा विचार समितीनं पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवला. पानं संस्थेनं दिली, धर्मांच्या नावांची तालीम संस्थेनं घेतली नाही. पत्र संस्थेचंच जायला हवं. एकच पत्र सगळ्यांना न पाठवता तीन वेगळी पत्रं गेली. दादांच्या पत्रात चूक काय झाली, योग्य नाव काय, हसू थांबवायला हवं होतं ते थांबवलं नाही, आणि ‘कठीण’ हा शब्द गैर होता, असं सरळ लिहिलं. ‘असल्यास’ कुठेही नाही. महंतांच्या पत्रात चुकलेला शब्द पुन्हा लिहिला नाही. टोमणा झालेला शब्द माफीच्या कागदावर छापला की तो आणखी चार हातांत जातो. ‘पंथाचं नाव चुकीचं घेतलं गेलं’ एवढं पुरे. बौद्ध विद्यार्थ्यांना प्राध्यापकांनी स्वतः उत्तर दिलं.

क्लिप काढून टाकण्याची विनंती गटप्रमुखांना केली. ती सगळीकडून निघाली नाही, निघतही नसते. पण वर्गात त्या मुलीला ‘पूनम’ म्हणून हाक मारणं चालू झालं होतं, ते विभागप्रमुखांनी बंद करवलं.

निवेदिका आणि कार्यक्रम अधिकारी दादांकडे गेले. ते म्हणाले, “पोरी, तुह्यावर राग नाही. ज्यानं लिहिलं त्यानं मले एक फोन कराले पाहिजे होता.” मागणी एकच केली: वार्षिकांकात फोटोखाली नाव नीट छापा, आणि ‘श्री’ऐवजी ‘तिरुमाल’ लिहा.

पुढच्या वेळचं पान

तक्त्याला पाच रकाने केले: पूर्ण नाव, नावाआधीचं संबोधन, धर्माचं किंवा पंथाचं नाव ते स्वतः घेतात तसं, उच्चार तोडून, टाळायचा शब्द. मधला रकाना सोडून बाकीचे भरणं सोपं. मधल्यासाठी फोनवर नेमका प्रश्न ठरवला: “मंचावर ओळख करून देताना तुमच्या धर्माचं नाव आम्ही कसं घ्यावं?” ‘तुमचा धर्म कोणता’ असं विचारलं तर माणूस सावध होतो, आणि सरकारी अर्जावरचं उत्तर देतो. परवानगी घेऊन ते नाव त्यांच्याच आवाजात व्हॉइस मेसेजवर मागवायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

संबोधनं त्यातच कळतात. बौद्ध उपासकासाठी ‘आयुष्मान’, भिक्खूंसाठी ‘भंते’ किंवा ‘भदन्त’, गोंड समाजात ‘तिरुमाल’ आणि ‘तिरुमाय’, कॅथलिक असतील तर ‘फादर’, प्रोटेस्टंट असतील तर बहुधा ‘पास्टर’ किंवा ‘रेव्हरंड’, महानुभावांना ‘दंडवत’.

पान देवनागरीतच, अठरा पॉइंटमध्ये, ओळींत मोकळी जागा ठेवून. नाव ओळीच्या शेवटी तुटू द्यायचं नाही. ‘श्रीमती’चा जन्म तिथेच झाला. उच्चाराच्या रकान्यात बौद्-ध, म-हा-नु-भाव, को-या पु-नेम्, जर-थोस्-ती, थेर-वाद, इस्-लाम असं लिहायचं. ‘ध’ नीट निघतो की नाही हे तोंडासमोर तळवा धरून कळतं: द् ला हवा अडते, ध ला तळव्यावर फुंकर लागते. माइकवर हीच फुंकर फट्‌ असा आवाज करते, म्हणून नवखे निवेदक नकळत महाप्राण गिळतात आणि ‘बौद्द’, ‘सीक’ होतं. माइक ओठांपासून चार बोटं दूर आणि किंचित तिरका धरला की हा त्रास जातो.

तालीम सुट्या नावाची घेऊ नये. सुटं नाव सगळ्यांना जमतं, जीभ घसरते ती पूर्ण वाक्यात. म्हणून प्रत्येक वाक्य निदान पाच वेळा, आणि शेवटची फेरी उभं राहून, माइकसमोर.

आणि तरी चुकलंच तर? मंचाच्या कडेला तक्ता हातात घेतलेला एक माणूस उभा ठेवायचा. त्यानं चिठ्ठी द्यायची, प्रेक्षकांतून कोणी ओरडायचं नाही. निवेदकानं थांबायचं, “क्षमस्व, कोया पुनेम” एवढं म्हणायचं, बरोबर नाव एकदाच स्वच्छ घ्यायचं आणि पुढे जायचं. हसायचं नाही, नाव कठीण असल्याचं सांगायचं नाही, आपल्या घाबरण्याची कहाणी लावायची नाही. सभागृह हसलं तर मंचावरच्या सगळ्यात ज्येष्ठ माणसानं हात वर करायचा. ते काम विद्यार्थिनीवर टाकायचं नाही.

जे राहिलं

‘नवबौद्ध’ या शब्दावर समितीचं एकमत झालं नाही. शासनाच्या योजनांत ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ अशी रचना आहे, शिष्यवृत्तीच्या संदर्भात हा शब्द महाविद्यालयात सतत येतो. बरेच विद्यार्थी म्हणतात, आम्ही बौद्ध आहोत, तिसऱ्या पिढीत ‘नव’ कसलं? दुसऱ्या बाजूनं एका सदस्यानं आठवण दिली की दीक्षेच्या आदल्या दिवशी नागपुरातच पत्रकारांशी बोलताना बाबासाहेबांनी ‘नवयान’ हा शब्द वापरला होता, तेव्हा ‘नव’ला सरसकट हिणकस मानता येणार नाही. यावर विद्यार्थ्यांचं उत्तर असं की स्वतः घेतलेलं ‘नव’ वेगळं आणि अर्जात लावलेलं वेगळं. अर्जाचा नमुना महाविद्यालयाच्या हातात नाही. तो आहे तसा राहिला. मंचावर, वार्षिकांकात आणि सूचनाफलकावर ‘बौद्ध’ लिहायचं ठरलं, आणि लिपिकाच्या संगणकावर द्ध कसा टाइप करायचा याची चिठ्ठी चिकटवली.